‘मरी गयात’ : एका अहिराणी बातमीपत्राचं प्रकरण

कापूस वेचणीचे दिवस होते. मजुरांनी भरलेली पिकअप रात्री महामार्गावर उलटली आणि दोघं गेले. सकाळी आठच्या आत धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून चालणाऱ्या यूट्यूब चॅनलवर ही बातमी अहिराणीतून वाचली गेली : ‘‘रातले दोन वाजता गाडी पलटी व्हयनी. दोन जण जागावरच मरी गयात.’’ दुपारी व्हिडिओ काढावा लागला. संध्याकाळी चॅनलच्या खोलीखाली पंधरा-वीस माणसं उभी होती, आणि त्यात मारामारी करायला आलेलं कुणी नव्हतं. नुसती उभी होती. त्यामुळे पोरं जास्त घाबरली आणि त्यांनी मला फोन लावला.

मी या चॅनलचा कुणी नाही. बावीस वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा पानावर उपसंपादकी केली. निवृत्त झाल्यावर ही पोरं कधी मथळा दाखवायला, कधी पोलिसांच्या प्रेसनोटमधली कलमं विचारायला येत राहिली. मला आबा म्हणतात. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. ज्यांचं दुःख होतं त्यांना त्याची पुन्हा बातमी व्हायला नको आहे.

चॅनल कसं सुरू झालं

तिघं मिळून चालवतात. एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, दुसरा लग्नाचं शूटिंग करतो, तिसरी डी.एड. होऊन शिक्षक भरतीची वाट पाहते. बातम्या तीच वाचते. सुरुवातीला सगळं मराठीतून होतं : बाजार समितीचे भाव, पंचायत समितीची सभा, पांझरेला पाणी सुटलं की नाही. कुणी बघत नव्हतं. तेच सगळं सकाळच्या पेपरात आलेलं असायचं.

एका आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गंमत म्हणून तिने कापूस-कांद्याचे भाव अहिराणीत वाचले आणि सुरतेहून फोन आले. उधना-लिंबायत भागात खान्देशातून गेलेली कुटुंबं आहेत, तिथून. तिथल्या पोरांची शाळा गुजराती नाहीतर हिंदी, घरात अहिराणी. मराठी पेपर हातात दिला तर मथळ्यातच अडखळतात, पण ‘‘राम राम मंडई’’ ऐकलं की कान टवकारतात. पेपरवाल्यांच्या हिशोबात हा वाचकच नव्हता. माझ्याही नव्हता. बातमीचं गिऱ्हाईक जिल्ह्याच्या हद्दीत संपतं असं आम्ही धरून चाललो होतो.

हे रेडिओवरून करता आलं नसतं. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे सोडता येतात, तेवढंच. सामुदायिक रेडिओ २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना खुला झाला, पण तिथेही बातमी आकाशवाणीचीच, फार तर स्थानिक बोलीत अनुवाद करून. आकाशवाणी २३ भाषा आणि १७९ बोलींतून कार्यक्रम करते, असा तिचा स्वतःचा आकडा आहे. आकडा मोठा आहे. पण आमच्या घरच्या रेडिओवर अहिराणी यायची ती गाणं घेऊन, नाहीतर शेतावरच्या गप्पा घेऊन. बातम्यांची वेळ झाली की आवाज बदलायचा आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, ‘‘आते सरकारनं बोलनं.’’ २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि परवाना न मागता बोलता येईल अशी जागा पहिल्यांदाच तयार झाली.

तिथे अहिराणी धबधब्यासारखी कोसळली. लग्नातली डीजेची गाणी, कानबाईची गाणी, नवरा-बायकोच्या भांडणाचे विनोदी व्हिडिओ, पिणाऱ्या मामांचे रील. बातमी मात्र जवळपास नव्हती. तीच पोकळी भरायला हे तिघं निघाले होते, आणि मी त्यांना शाबासकी दिली होती.

भाषा, बोली आणि रकाना

थोडं आडवळण. अहिराणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा, हा वाद खान्देशात पानटपरीपासून विद्यापीठापर्यंत चालतो. इंग्रजांच्या काळात ग्रियर्सनने केलेल्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खान्देशी ही मराठीच्या खंडात नाही, भिल्ल भाषांच्या खंडात आहे. जनगणनाही ‘खान्देशी’ वेगळी मोजते आणि अहिराणी तिच्या पोटात घालते. १९९१ मध्ये तिचे भाषक सुमारे ९ लाख ७४ हजार, २००१ मध्ये २० लाख ७५ हजार, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत माणसं दुप्पट होत नाहीत आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख गायबही होत नाहीत. प्रगणकाने ‘‘मातृभाषा काय?’’ विचारल्यावर ओट्यावर बसलेल्या माणसाने त्या दिवशी काय सांगायचं ठरवलं, ते हे आकडे मोजतात. मी स्वतः २०११ ला ‘मराठी’ सांगितलं होतं. बायकोने आतून ओरडून विचारलं होतं, ‘‘नि मी काय बोलस मंग?’’

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. त्यातल्या मणिपुरीचे भाषक २०११ मध्ये साडेसतरा लाखांच्या आसपास, बोडोचे पंधरा लाखांच्या आत. खान्देशी त्या दोघींपेक्षा मोठी, तरी बाहेर. भिली तर १ कोटी ४ लाखांची, म्हणजे अनुसूचीतल्या संथाळीपेक्षा मोठी, तीही बाहेर. अनुसूचीत असणं-नसणं हे डोकी मोजून ठरत नाही. ज्यांनी चळवळ केली, ज्यांचं राज्य होतं, ज्यांच्यामागे साहित्य उभं राहिलं, त्या आत गेल्या. भिलीचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागेल.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. चॅनलने ती बातमी मोठ्या उत्साहाने अहिराणीत दिली. खाली पहिली कॉमेंट आली : ‘‘मंग आम्हनी अहिराणीनं काय?’’ अपघात त्यानंतर काही आठवड्यांनी झाला.

माझं पहिलं निदान, जे चुकलं

त्या संध्याकाळी मी तिथे पोचलो तेव्हा माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. मला वाटलं, थट्टेचा प्रश्न आहे. ज्या भाषेत लोकांनी मोबाइलवर फक्त हसायचं काम केलं, त्या भाषेत मरण ऐकलं की कानाला ते विनोदासारखं लागणार. पुरावाही होता. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोराने बातमीच्या आधी नेहमीचीच हलगीची धून लावली होती. व्हिडिओ जोडायच्या ॲपने खाली आपोआप अक्षरं उमटवली, त्यात ‘पलटी व्हयनी’चं ‘पलटी वहिनी’ झालं होतं. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे, ‘एएचआर’. पण संकेत असला म्हणून ॲपला ती भाषा येते असं नाही. त्याला वाटलं मराठी चालू आहे, त्याने मराठी शब्द शोधला. दोन माणसं गेलेल्या बातमीखाली ‘वहिनी’ वाचून कुणी तरी हसण्याच्या खुणा टाकल्या. एवढं पुरेसं होतं.

जाहिरातींनीही माझं निदान पक्कं केलं होतं. ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्याने चॅनलला स्पष्ट सांगितलं होतं : जाहिरात अहिराणीत करू, पण गमतीची करा, बातम्यांच्या मध्ये टाकायची असेल तर मराठीत द्या, ‘‘जरा वजन पडतं’’. खतांच्या दुकानदाराचंही तेच. भाषेला बाजारात भाव होता, पण एकाच मालाला.

म्हणून मी खाली उभ्या माणसांशी बोललो ते असं : पोरांचा हेतू थट्टेचा नव्हता, धून चुकली, अक्षरं चुकली, माफी मागतो. सगळ्यांनी ऐकून घेतलं. त्यातला एक तरुण, आश्रमशाळेत शिकलेला, गेलेल्यांपैकी एकाचा मेहुणा, शांतपणे म्हणाला, ‘‘सर, धून आम्ही ऐकलीच नाही. पेपरमध्ये मृत्यू लिहितात ना? मग आमचा माणूस मरी गया का?’’

मी म्हणालो, अहिराणीत तसंच म्हणतात. आदरार्थी ‘गयात’ म्हटलंय.

‘‘हो, तसंच म्हणतात,’’ तो म्हणाला. ‘‘शेतावर. बैल मरी गया, मजूर मरी गया. आमच्या घरात तुमची अहिराणी नाही बोलत. आम्ही पावरा आहे.’’

अहिराणी कुणाची

बावीस वर्षं जिल्ह्याच्या बातम्या हाताखालून घातलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागलं, याची मला अजून लाज वाटते.

सातपुड्याच्या पाड्यांवरून पावरा आणि भिल्ल आदिवासी कुटुंबं वेचणीला, ऊसतोडीला, कांदा काढायला खाली तापीकाठच्या सपाटीवर येतात. घरात पावरी. शाळेत मराठी, कारण आश्रमशाळा मराठी माध्यमाची. आणि शेतावर अहिराणी; मुकादमाची, मालकाची, ‘‘बिगी बिगी कर रे’’ म्हणणारी. माझ्यासाठी अहिराणी म्हणजे आईची चूल. त्याच्यासाठी तीच भाषा म्हणजे रोजंदारीच्या हिशोबाची वही. आम्ही ‘लोकांच्या भाषेत बातमी’ म्हणून छाती फुगवून जे दिलं, ते त्याच्या कानावर मालकाच्या तोंडून पडलं. मराठी ही त्याचीही मातृभाषा नव्हती; पण ती मास्तरची होती, कागदाची होती, आणि कागदावर मालक आणि मजूर दोघांनाही ‘मृत्यू’ होतो.

निदान त्याला तसं वाटत होतं. प्रत्यक्षात मीच माझ्या पानावर पुढाऱ्याचं ‘निधन’ लिहिलं, मजुरांच्या बाबतीत ‘दोन ठार’ लिहिलं. हे रोज केलं. ‘ठार’ हा शब्द कानाला ‘मरी गयात’पेक्षा कितीतरी आडदांड आहे. पण पेपरने त्याला वर्षानुवर्षं इस्त्रीचा सदरा घातला, म्हणून तो कुणाला टोचत नाही. अहिराणीच्या शब्दांना असा सदरा कधी कुणी शिवलाच नाही. ती घरातून थेट रीलमध्ये गेली. मधली बातमीदारीची, अर्जफाट्याची, श्रद्धांजलीची पायरी तिला मिळाली नाही. अहिराणीचं हे उणेपण खरं आहे आणि मी ते जोरात मांडतो. पण त्या संध्याकाळचा प्रश्न तो नव्हता, आणि दोन्ही एकात कालवणं म्हणजे त्या तरुणाचं म्हणणं न ऐकणं झालं असतं.

खान्देशला ‘अहिराणीचा मुलूख’ म्हणायची आपल्याला सवय आहे. हा मुलूख तेवढा सरळ नाही. यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. त्यांची गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांनी महाराष्ट्रापुढे आणली, आणि तेव्हापासून त्यांच्या भाषेला कुणी अहिराणी म्हणतं, कुणी लेवा, कुणी नुसतंच खान्देशी. तडवींची बोली वेगळी, गुजरांची वेगळी, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळपास ७० टक्के आदिवासी; तिथे भिली, पावरी, मावची, कोकणी, देहवाली. जनगणना पावरीला भिलीच्या पोटात घालते, जशी अहिराणीला खान्देशीच्या. म्हणजे तो १ कोटी ४ लाखांचा आकडाही एका भाषेचा नाही, एका पोत्याचा आहे. मराठीच्या पोत्यात आम्हाला कोंबलं म्हणून आम्ही ओरडतो आणि आमच्या तोंडच्या ‘खान्देशी’ या शब्दात सातपुड्याला सहज कोंबतो.

खुद्द अहिराणीही एक नाही, हे निवेदिकेला आधीच कळलेलं होतं. ती अमळनेरकडची. ‘धुये’, ‘जयगाव’, ‘केयी’ (धुळे, जळगाव, केळी) इथवर सगळं जुळायचं, पण एखादा शब्द साक्री-बागलाणकडच्या प्रेक्षकाला खटकायचा आणि तो लिहायचा, ‘‘बहीन, हाई आम्हनी अहिराणी नही शे.’’ त्यावर पोरं हसायची. ते हसण्यासारखंही होतं.

त्यानंतर काय केलं

दुसऱ्या दिवशी तिघं पाड्यावर गेले. मी गेलो नाही. गुडघ्याचं निमित्त होतं, खरं कारण वेगळं. व्हिडिओ नाही, माफीचं रेकॉर्डिंग नाही, असं आधीच ठरलं होतं. तो तरुण त्यांना म्हणाला, बातमी पुन्हा द्या, पण मराठीत द्या, आणि दोघांची नावं पूर्ण घ्या. पहिल्या बातमीत नावं नव्हती. ‘दोन जण’ होते. हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं. शब्दावर एवढी चर्चा चालू होती आणि नावच नव्हतं.

बातमी पुन्हा गेली, मराठीत, नावांसह, धून न लावता.

मग महिनाभर एक वही चालू होती. पोरं तिला ‘मरणनी वही’ म्हणायची. निवेदिकेने आजीला, शेजारच्या म्हाताऱ्या बायांना विचारून शब्द गोळा केले. कुणी सांगितलं ‘वारी गयात’, कुणी ‘चालना गयात’. आजीने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. घरातलं माणूस गेलं की आम्ही ‘मरी गया’ म्हणतच नाही, ती म्हणाली. ते दुसऱ्याच्या घरचं बोलणं. म्हणजे अहिराणीत आदराचा शब्द नव्हता असं नव्हतंच. तो बातमीत आला नाही, कारण बातमी लिहिणाऱ्याने मराठी वाक्य समोर ठेवून त्याचा सगळ्यात जवळचा शब्द उचलला. ‘जागीच मृत्यू’चं ‘जागावरच मरी गयात’. आपण अहिराणीत विचार केलाच नव्हता, मराठीला अहिराणीचा रंग दिला होता.

आता मृत्यूच्या, गुन्ह्याच्या आणि बलात्कारासारख्या बातम्यांना वहीतले शब्द वापरतात. बाजारभाव, पाणी, वीज, ग्रामसभा पूर्वीसारखंच फटाफट. कोर्टाच्या आणि सरकारी आदेशाच्या बातम्या आधी मराठीत जशाच्या तशा, मग अहिराणीत मतलब; कारण ‘स्थगिती’ला अहिराणी शब्द घडवायच्या नादात अर्थच सुटला तर शेतकरी पोटखराब्याच्या (लागवडीला न येणाऱ्या जमिनीच्या) निकालावर चुकीचा खर्च करून बसेल. धून सगळ्याच बातम्यांवरून काढली. ॲपची अक्षरं बंद केली; आता निवेदिका मथळे हाताने टाइप करते, आणि ‘शे’ लिहायचं की ‘से’ यावर दर आठवड्याला एक भांडण होतं.

सातपुड्याकडच्या बातम्यांचं काय करायचं, यावर तिघांचं अजून एकमत नाही. दुकानवाल्याचं म्हणणं, पावरीत बातमीपत्र सुरू करू. निवेदिका म्हणते, आपल्याला येत नाही, आपण कोण सुरू करणारे. मला तिचं पटतं, पण तिच्या म्हणण्याचा शेवट ‘म्हणून काहीच नको’ असा होऊ शकतो, तेही दिसतं. पैसे नाहीत हे तर आहेच. ट्रॅक्टरवाल्याला पावरी बातमीपत्राला जाहिरात द्या म्हणून विचारलं, तर त्याने विचारलं, ‘‘ते लोक ट्रॅक्टर घेतात का?’’ ज्या भाषेचा माणूस गिऱ्हाईक नाही, तिला बातमीही नाही, हा हिशोब त्याने लपवलासुद्धा नाही. मोठी माध्यमं हेच जास्त चांगल्या शब्दांत करतात.

सध्या एक मधली वाट निघाली आहे. तो मेहुणा अधूनमधून व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतो. पाड्यावरच्या रस्त्याचं, आश्रमशाळेतल्या जेवणाचं, रोजगार हमीच्या थकलेल्या पैशांचं. पावरीत बोलतो, मागोमाग स्वतःच मराठीत सांगतो. चॅनल दोन्ही तसंच वाजवतं, अहिराणी मध्ये घालत नाही. सगळ्यांना आवडतं असं नाही. ‘‘हाई काय लायेल शे, काही समजत नही,’’ अशा कॉमेंटही येतात. त्या पुसत नाहीत.

मागच्या महिन्यात त्याने फोन केला तो तक्रारीसाठीच. महसुली दप्तरात पाड्याचं नाव मराठी वळणाने लिहिलंय, पेपरांनी तेच उचललं, आणि चॅनलही तेच वाचतं. पाड्यावर कुणीच तसं म्हणत नाही. निवेदिकेने फोन स्पीकरवर टाकला. त्याने नाव म्हणून दाखवलं. तिला जमेना, मधला एक स्वर तिच्या जिभेला कुठे ठेवायचा तेच कळत नव्हतं. त्याने पुन्हा म्हटलं. मागे कोंबडी ओरडत होती आणि एक म्हातारी हसत होती. पाचव्या-सहाव्या वेळी तो म्हणाला, ‘‘आता चालेल. अजून बरोबर नाही, पण चालेल.’’